देवाच्या दहा आज्ञा आणि ऊसतोडीचा रविवार

प्रथम परमप्रसाद स्वीकारण्यापूर्वी कॅथोलिक घरातील प्रत्येक मुलामुलीकडून देवाच्या दहा आज्ञा पाठ करून घेतल्या जातात. पुढे त्या आठवतात त्या बहुधा प्रायश्चित्त संस्कारापूर्वी, विवेकाची तपासणी करताना. या दोन प्रसंगांच्या दरम्यानचे जे आयुष्य, म्हणजे शेत, बाजार, पंचांची बैठक आणि घरातील चूल, तेथे या आज्ञांचे स्थान कोणते याचा विचार आपण फारसा करीत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील श्रद्धावंतांकडून मात्र एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो आणि तो नेमका या मधल्या आयुष्यातला आहे. ऊसतोडीच्या हंगामात चार-पाच महिने रविवार पाळता येत नाही, मिस्सा चुकते, फडात कोयता चालवावाच लागतो. हे पाप होय काय?

या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येण्यासारखे नाही. त्यासाठी दहा आज्ञा मुळात कोणाला, केव्हा आणि कशासाठी देण्यात आल्या हे प्रथम पाहिले पाहिजे.

दहा वचने

पवित्र शास्त्रात दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात: निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात. मूळ इब्री भाषेत त्यांना आज्ञा असे म्हटलेले नाही, तर 'दहा वचने' असे म्हटले आहे (निर्गम ३४:२८, अनुवाद ४:१३). हा भेद केवळ शब्दांचा नाही. राजा आज्ञा देतो. वचन मात्र दोघांमध्ये दिले-घेतले जाते. सिनाय पर्वतावर जे घडले तो करार होता, आणि या दहा वचनांनी त्या कराराचा गाभा सांगितला.

त्याहूनही महत्त्वाचे आहे ते प्रारंभीचे वाक्य, जे पाठांतरात पुष्कळदा गळून जाते. काय करावे आणि काय करू नये हे सांगण्यापूर्वी परमेश्वर आपली ओळख करून देतो: मिसर देशातून, दास्याच्या घरातून, तुला बाहेर काढणारा तो मी. यहुदी परंपरा तर या ओळखीलाच पहिले वचन मानते. निर्गमाचा क्रम पाहावा. बाराव्या ते चौदाव्या अध्यायांत सुटका आहे, विसाव्यात आज्ञा आहेत. आज्ञा पाळल्या म्हणून इस्राएल लोकांची सुटका झाली नाही. सुटका झालेल्या लोकांनी पुन्हा दास होऊ नये आणि दुसऱ्याला दास करू नये म्हणून आज्ञा आल्या. ही गोष्ट मनात ठेवली नाही तर दहा आज्ञा म्हणजे नुसती बंदीची पाटी होऊन बसते.

आणखी एक बारकावा मराठी वाचकाला सहज उमगेल. आपल्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' निराळे आहेत, तसेच इब्रीतही आहेत. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी सारा समुदाय उभा असताना देव बोलतो ते मात्र एकवचनात. समुदायाच्या आड कोणालाही लपता येत नाही.

क्रमांकांचा घोटाळा

नवापूर परिसरात कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट कुटुंबे शेजारी शेजारी राहतात, सोयरिकीही होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम खानदेशात स्वीडिश अलायन्स मिशनने कार्य केले आणि तेथील ख्रिस्ती समाजाच्या घडणीत त्याचा मोठा वाटा आहे. एका घरातील मूल पाचवी आज्ञा म्हणून खुनाच्या मनाईचे वचन म्हणून दाखविते, तर शेजारचे मूल पाचवी म्हणून आईबापांच्या सन्मानाचे. दोघांपैकी एकाची चूक झाली आहे असे समजण्याचे कारण नाही. शास्त्रात आज्ञांना क्रमांक दिलेलेच नाहीत. संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी मूर्ती न करण्याचे वचन पहिल्या आज्ञेतच समाविष्ट मानले आणि लोभाविषयीच्या शेवटच्या वचनाचे दोन भाग केले. शेजाऱ्याच्या पत्नीची अभिलाषा आणि शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ ही दोन्ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत, असा त्यामागील अर्थ होय; अनुवादातील पाठात पत्नीचा उल्लेख घराच्या आधी आणि स्वतंत्रपणे येतो, हा त्याला आधार. कॅथोलिक ख्रिस्तसभा हा क्रम पाळते, आणि गंमत अशी की लुथरन मंडळ्याही हाच क्रम पाळतात. इतर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मूर्तीविषयीचे वचन वेगळे मोजतात व लोभाचे वचन एकच धरतात. बेरीज दोन्हीकडे दहाच होते. या लेखात आम्ही कॅथोलिक क्रम वापरला आहे. त्यानुसार विसाव्याच्या दिवसाची आज्ञा तिसरी ठरते.

आज्ञा आणि सुटका: या मातीतील ओळख

देवाकडून आज्ञा येते आणि ती लोकांचे जगणे बदलते, ही कल्पना सातपुड्याच्या पायथ्याला परकी नाही. १९२२-२३ साली दक्षिण गुजरात व लगतच्या आदिवासी पट्ट्यात देवीची चळवळ पसरली. अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून देवीच्या आज्ञा सांगितल्या जात: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूचे गुत्ते चालविणाऱ्यांकडे मजुरीला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारांनी या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पुढे १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे संत गुलाम महाराजांनी व्यसनमुक्तीचा उपदेश केला. त्यांचे अनुयायी आजही 'आप की जय' असे म्हणून एकमेकांना अभिवादन करतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा परिसरात श्रमिकांची चळवळ उभी राहिली तेव्हा आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली.

या घटनांच्या श्रद्धाविषयक बाजूत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते वेगळ्याच बाबीकडे. दारू सोडा ही आज्ञा त्या लोकांना जाचक वाटली नाही, कारण दारूची उधारी, त्या उधारीपायी अडकलेली जमीन आणि त्यातून आलेली सालदारकी हे सारे त्यांनी पाहिले होते. आज्ञा पाळणे म्हणजे सुटणे, हा अनुभव त्यांच्या पदरी होता. निर्गमाचा विसावा अध्याय समजून घेण्यास सेमिनरीतील आम्हां विद्यार्थ्यांना जितकी वर्षे लागली, तितकी त्यांना खचितच लागली नसती.

तिसरी आज्ञा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोशे फारोपुढे प्रथम उभा राहिला तेव्हा त्याने कोणती मागणी केली, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. त्याची पहिली मागणी देश सोडून जाण्याची नव्हती. तीन दिवसांची वाट चालून रानात जावे आणि देवाची उपासना करावी, एवढीच ती होती. फारोने काय उत्तर दिले? हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना सुटी सुचते आहे. त्याने विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले, विटांची संख्या मात्र तीच ठेवली (निर्गम, अध्याय ५). वीटभट्टीवर काम केलेल्या वाचकांना हा हिशेब समजावून सांगावा लागू नये. दास्य म्हणजे काय, याचे शास्त्राने दिलेले पहिले ठसठशीत चित्र हे आहे: उपासनेसाठी सुटी मागितली आणि काम वाढविले गेले.

म्हणूनच विसाव्याची आज्ञा दहांमध्ये सर्वांत विस्ताराने सांगितलेल्या आज्ञांपैकी एक आहे. तिचे कारण दोन ठिकाणी दोन प्रकारे दिले आहे. निर्गमात ते सृष्टीच्या निर्मितीशी जोडले आहे. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात ते मिसरातील दास्याशी जोडले आहे. तू स्वतः दास होतास हे आठव, आणि तुझ्या दासाला व दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. पुत्र, कन्या, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, अशी यादीच दिली आहे. अमावास्येला औत धरू नये हा आपल्या शेतकऱ्यांचा जुना रिवाज आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवरून उतरणारे जू ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जनावराच्या विसाव्याची काळजी करणारा हा देव अनोळखी वाटणार नाही.

यादीत एक उणीव दिसते. पत्नीचा उल्लेख नाही. 'तू' या संबोधनात पती व पत्नी दोघेही येतात, असा तिचा उलगडा भाष्यकार करतात, आणि तो आम्हांला योग्य वाटतो. तथापि ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो, आणि पहाटे सर्वांआधी उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी, रात्री पुन्हा चुलीपुढे बसणारी त्या कोयत्यातील स्त्री पाहिली की 'तू' या शब्दात ती खरोखरच धरली जाते काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

सुगीला सूट नाही

शेतीच्या कामाला तरी या आज्ञेतून सूट असावी, असे कोणी म्हणेल. शास्त्राने हा प्रश्न आधीच ओळखला होता. निर्गम ३४:२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की नांगरणीच्या दिवसांत आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यावा. कापणीच्या वेळी मालकाला घाई असते. मजुराला विसाव्याची गरजही तेव्हाच सर्वांत अधिक असते.

यानंतर जे घडले ते बोधप्रद आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या विसाव्याचा कायदा केला. न्यायाधीश, नगरवासी, कारागीर यांनी त्या दिवशी काम थांबवावे असे त्यात म्हटले होते. परंतु हवामान अनुकूल असताना पेरणीची वा वेलींच्या लागवडीची वेळ चुकू नये म्हणून शेतकाम करणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. रविवारचा पहिला राजमान्य कायदा आणि पहिली पळवाट ही अशी एकाच वेळी जन्मली. शहराला सुटी आणि शिवाराला काम, ही विभागणी सतरा शतकांनंतरही पुसली गेलेली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विसाव्याच्या दिवसाची दोन उदाहरणे मराठी माणसाने अभिमानाने सांगावीत अशी आहेत. कोकणातील बेने इस्रायल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. आपला धर्मग्रंथही हाताशी नसलेल्या काळात त्यांनी हा एक दिवस जपला. त्यांचा धर्म कोणता हे शेजाऱ्यांना माहीत नव्हते, पण त्यांची सुटी माहीत होती, म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. दुसरे उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतील हे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून निवेदन केले, पुढे गिरणी कामगारांची संघटना चालविली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागील एक कारण होते. ज्या सुटीला आपण ख्रिस्ती वा इंग्रजी म्हणून ओळखतो, ती मुंबईच्या कामगाराला मिळवून दिली एका सत्यशोधकाने. पुढील वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराचे न्याय्य वेतन व रविवारचा विसावा यांचा पुरस्कार केला.

फडावरचा रविवार

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. पावसाळी शेती संपली की येथील हजारो कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. दिवाळीनंतर जातात आणि पुष्कळ जण होळीला परततात. ऊसतोडीसाठी खानदेशातून दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरात अभ्यास केला होता. हे स्थलांतर एका पिढीचे नव्हे.

तेथे रविवार का नसतो, हे समजून घेतले पाहिजे. गाळप सुरू झाले की कारखाना रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस जितका उशिरा पोहोचेल तितकी त्यातील साखर घटते, म्हणून तोड, मोळी, भरणी आणि वाहतूक यांची साखळी एक दिवसही तुटू दिली जात नाही. मजुरी टनावर असते. त्याआधी, पावसाळ्यातच, घरात धान्य नसताना वा लग्नकार्य निघाले असताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एखादा दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि तो हिशेबात कापला जातो. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर जाते. वेठबिगार पद्धत आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचलीच्या वहीत ती कोठे कोठे अजून श्वास घेत आहे, असे म्हणण्यात आम्हांला संकोच वाटत नाही.

अशा स्थितीत तिसरी आज्ञा कोण मोडतो? शास्त्रात याला जवळचा एक प्रसंग आहे. नहेम्याने यहुदात शब्बाथाच्या दिवशी द्राक्षकुंड तुडविणारे आणि गाढवांवर ओझी लादून आणणारे लोक पाहिले. काम करणाऱ्यांना त्याने ताकीद दिली खरी, पण जाब विचारला तो यहुदाच्या सरदारांना (नहेम्या १३:१५-१७). हे तुम्ही काय चालविले आहे, असा त्याचा सूर आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याच दिशेने जाते. रविवारच्या मिस्साबलिदानात सहभागी होणे हे प्रत्येक कॅथोलिक श्रद्धावंताचे गंभीर कर्तव्य आहे. ते हेतुपुरस्सर टाळणे गंभीर पाप होय. याबाबत सौम्य बोलून आम्ही वाचकांची दिशाभूल करणार नाही. परंतु आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल यांसारख्या सबळ कारणाने ते शक्य नसेल तर ते बंधन उरत नाही, असे १९९२ च्या कॅटेकिझममध्ये स्पष्ट म्हटले आहे (परिच्छेद २१८१). त्याच ग्रंथात पुढे असेही सांगितले आहे की प्रभूचा दिवस पाळता येऊ नये अशा मागण्या कोणीही दुसऱ्यावर विनाकारण लादू नयेत, आणि उत्पन्नाच्या कारणाने काम चालू ठेवावे लागते तेथेही मजुरांना विसाव्यासाठी पुरेसा वेळ देणे मालकाला बंधनकारक आहे (परिच्छेद २१८७). म्हणजे एकाच आज्ञेचे ओझे दोघांच्या खांद्यावर सारखे नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे. उचलीने बांधला गेलेला जो मजूर रविवारी फडात उतरतो, ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही, त्याने आपल्या माथी पापाचे ओझे घेऊ नये. त्याने प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ही गोष्ट धर्मगुरूंना अवश्य सांगावी, पण चोरासारखी मान खाली घालून नव्हे. जो मजूर मोकळा आहे आणि केवळ जादा टनाच्या हिशेबाने रविवार विकतो, त्याची गोष्ट निराळी. आणि जो मुकादम आहे, ज्याची ट्रॅक्टर-ट्रॉली ऊस वाहते, ज्याचे स्वतःचे दोन-चार बिघे ऊस आहे, तो कॅथोलिक असेल आणि रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसून स्तोत्रे गात असेल, तर त्याने तिसऱ्या आज्ञेची यादी पुन्हा एकदा वाचावी. आपल्याच समाजात असे मुकादम आहेत, असे सालदार ठेवणारे शेतकरी आहेत, आणि रविवारी घरकामाच्या बाईला नेहमीपेक्षा जास्त काम सांगणारी आमच्यासारख्या सुशिक्षितांची घरेही आहेत.

प्रभू येशू ख्रिस्ताने शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे केले आणि शब्बाथ मनुष्यासाठी आहे, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, असे शिकविले. या वचनाचा उपयोग आपण स्वतःला सूट देण्यासाठी पुष्कळदा करतो. प्रभूने ते उच्चारले तेव्हा त्याचे शिष्य भुकेने कणसे मोडीत होते, हे त्या वेळी विसरले जाते.

इतर आज्ञा: काही टिपा

चौथ्या आज्ञेचा उपयोग मुलांना धाक घालण्यासाठी करण्याची आपल्याकडे सवय आहे. मुळात ती प्रौढांना उद्देशून आहे. म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडू नये हा तिचा पहिला अर्थ. देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांचा वाटा बुडविणाऱ्यांना प्रभूने खडे बोल सुनावले (मार्क ७:९-१३). हंगामाच्या काळात गावात उरतात ते म्हातारेच, आणि त्यांच्याकडे सोपविलेली शाळकरी नातवंडे. जाताना त्यांच्यासाठी धान्य आणि औषधाचे पैसे ठेवणे हे या आज्ञेच्या पालनातच मोडते. मुलांना फडावर नेण्याऐवजी गावात ठेवून त्यांची शाळा चालू ठेवणेही आम्हांला या आज्ञेचे दुसरे अंग वाटते, कारण आईबापांचीही मुलांप्रति कर्तव्ये आहेत.

पाचव्या व सहाव्या आज्ञेविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे आणि मोडल्या जातात त्या बहुतांशी दारूच्या नशेत. एवढेच सांगावेसे वाटते की देज घेऊन लेकीचे लग्न वयाआधी उरकणारा बाप दोन आज्ञांच्या मध्ये उभा असतो.

सातवी आज्ञा म्हणजे केवळ कोंबडी वा सायकल चोरू नये असे नव्हे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असे सांगितले आहे, आणि तो मजूर आपल्यातला असो वा परका. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो, असे म्हटले आहे (५:४). कॅटेकिझमने अन्याय्य वेतन देण्याची गणना सातव्या आज्ञेविरुद्धच्या अपराधांत केली आहे. वजनकाट्यावर एक आकडा आणि वहीत दुसरा, हा प्रकार चोरीच आहे. तो शिकलेल्या माणसाने केला म्हणून त्याला दुसरे नाव मिळत नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याबरोबर निघून जाणे हीही फसवणूक आहे. मात्र या दोन अपराधांमागील भूक सारखी नाही, हे देवाला कळते असा आमचा विश्वास आहे.

आठव्या आज्ञेवर या जिल्ह्यात थोडे थांबले पाहिजे. खोटे बोलू नये एवढाच तिचा अर्थ आपण मुलांना शिकवितो. मूळ शब्द न्यायसभेतला आहे: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये. सातपुड्यातील गावांत एखादे मूल दगावले, गुरे मेली, ताप हटेना, की एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरविण्याचे प्रकार घडत आले आहेत. कोणीतरी नाव घेतो, दुसरा दुजोरा देतो, बाकीचे गप्प राहतात. बोट दाखविले जाते ते पुष्कळदा एकट्या वा विधवा बाईकडे, आणि कधी कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. दानिएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, जो कॅथोलिक पवित्र शास्त्रात आहे, सुसान्नेवर दोन वडीलधाऱ्या पंचांनीच खोटा आळ घेतला आणि साऱ्या सभेने तो खरा मानला. तरुण दानिएलाने त्या दोघांना वेगवेगळे करून प्रश्न विचारले, झाड कोणते होते ते सांगा म्हणून, आणि दोघांनी दोन झाडे सांगितली. नाबोथाचा द्राक्षमळा बळकावण्यासाठीही दोन खोटे साक्षीदारच उभे केले गेले होते (पहिले राजे, अध्याय २१). महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार कोणालाही अशा तऱ्हेने करणी करणारी व्यक्ती ठरवून छळणे गुन्हा आहे. कायदा पोलीस ठाण्यात असतो. बैठकीत मात्र आपण असतो. एखाद्या बाईचे नाव घेतले जात असताना जो ख्रिस्ती माणूस जमिनीकडे पाहत बसतो, त्याने तोंडाने खोटी साक्ष दिली नसली तरी आठवी आज्ञा पाळली असे आम्ही म्हणू शकत नाही. भगताकडे विचारायला गेलेल्याने तर पहिल्या आज्ञेचीही आठवण ठेवावी.

हंगामाला निघणाऱ्यांसाठी

नंदुरबार जिल्हा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो, तर सुरत व तापी जिल्ह्यांतील फड बडोदा धर्मप्रांतात पडतात. तेथील देवळांत मिस्सा गुजरातीत असते. मावची किंवा देहवाली बोलणाऱ्यांना ती समजण्यास अडचण पडू नये. शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारच्या मिस्साइतकीच ग्राह्य धरली जाते (धर्मसंहिता १९८३, कलम १२४८), ही गोष्ट फडावरील पुष्कळांना माहीत नसते. धर्मगुरू वा देऊळ जवळ नसेल तेथे कुटुंबाने वा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी, असे तेच कलम सुचविते. पडावावर रविवारी रात्री जेवणाआधी अर्धा तास पुरेसा आहे: एकाने त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचावे, एकाने प्रार्थना म्हणावी, ज्याला वाचता येत नाही त्याने गीत सुरू करावे. नाताळ तर हंगामाच्या ऐन मध्यावर येतो. त्या एका दिवसाची सुटी टोळीने निघतानाच मुकादमाशी बोलून ठरवून घ्यावी, कारण उचल हातात पडल्यानंतर ती मागणे कठीण जाते.

निघण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामात कुटुंबातील माणसांची नावे, मुकादमाचे नाव, पडावाचे गाव आणि तालुका लिहून द्यावा. तेवढी माहिती हाती असली तर तेथील धर्मगुरूंना कळविता येते, आणि आजारपणात वा मृत्यूच्या प्रसंगी कोणाला हाक मारायची हा प्रश्न उरत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची व आधार कार्डाची एक प्रत जवळ ठेवावी, मूळ कागद मात्र घरी ठेवावेत. कोणत्याही कारणाने ते मुकादमाच्या ताब्यात देऊ नयेत.